एका मूलद्रव्याच्या मागावर, सोलापुरात

कॅल्शियम म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे औषधाच्या दुकानातील पांढरी गोळी येते, फार तर दुधाचा पेला येतो. प्रत्यक्षात तो चांदीसारखा चकाकणारा धातू आहे, हे सांगितले तर ऐकणारा जरा संशयानेच पाहतो. संशय रास्तही आहे, कारण हा धातू धातूच्या रूपात निसर्गात कुठेही सापडत नाही. १७८९ साली फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हाझिये याने मूलद्रव्यांची जी यादी छापली, तिच्यात खुद्द चुन्यालाच मूलद्रव्य म्हणून जागा मिळाली होती. त्या चुन्यात एक धातू दडलेला आहे हे १८०८ साली सिद्ध झाले, जेव्हा इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्ही याने विजेच्या साहाय्याने तो वेगळा काढला. तोवर हजारो वर्षे माणूस चुना भाजत, भिंतींना लावत आणि पानात खात आला होता.

मी बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतले तेव्हा आवर्त सारणीतील ११८ चौकोन पाठ करायचे एवढेच मनात होते. पुढे एकच चौकोन, अणुक्रमांक २०, धरून सोलापूर शहर आणि जिल्हा पाहू लागलो, तेव्हा विषय निराळाच दिसला. मूलद्रव्याच्या नावावरून एखाद्या पदार्थाचे वागणे कळत नाही. ते मूलद्रव्य कोणाबरोबर आणि कसे बांधले गेले आहे, यावरून कळते. कॅल्शियमच्या बाबतीत ही गोष्ट आपल्याकडे स्वयंपाकघरापासून साखर कारखान्यापर्यंत इतक्या ठिकाणी उघड दिसते की पुस्तकातील उदाहरणांची गरजच पडू नये.

कारण अगदी थोडक्यात सांगता येते. कॅल्शियमच्या अणूत वीस इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांपैकी सर्वांत बाहेरचे दोन फार सैल बांधलेले असतात. ते दोन सोडून देण्याची या अणूला इतकी घाई असते की धातूचा तुकडा साध्या पाण्यात टाकला तरी हायड्रोजनचे बुडबुडे उसळतात आणि पाणी दुधाळ होते. दोन इलेक्ट्रॉन गेले की उरतो दोन धनप्रभार असलेला कॅल्शियमचा आयन, आणि हा आयन अत्यंत स्थिर असतो. आपण रोज ज्याला कॅल्शियम म्हणतो ते सारे या आयनाच्या रूपातील असते. त्याचा जोडीदार कधी कार्बोनेट असतो, कधी हायड्रॉक्साइड, कधी सल्फेट, कधी फॉस्फेट. आणि जोडीदार बदलला की रंगरूप, चव, विद्राव्यता, उपयोग सगळेच बदलते.

मग निरनिराळ्या पदार्थांत तेच एक मूलद्रव्य आहे हे ओळखायचे कसे? पानाच्या डबीतील चुना, फळ्यावर लिहिण्याचा खडू (तो बहुधा जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा असतो) आणि पाणी तापवण्याच्या भांड्याच्या तळाशी बसलेला पांढरा थर, हे तिन्ही वेगवेगळे पदार्थ आहेत. प्रत्येकाचा कण सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवून प्लॅटिनमच्या तारेवर घेतला आणि बर्नरच्या निळ्या ज्योतीत धरला, तर तिन्ही वेळा ज्योत त्याच विटकरी लाल रंगाने पेटते. रंगाची ही सही आयनाच्या जोडीदारावर अवलंबून नसते. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्यात, म्हणजे यात्रेत, होम मैदानावर शोभेचे दारूकाम होते, त्यामागेही हेच तत्त्व आहे. त्यातील गडद लाल रंग स्ट्रॉन्शियमचा आणि हिरवा बेरियमचा असतो, आणि आवर्त सारणीत ही दोन्ही मूलद्रव्ये कॅल्शियमच्याच स्तंभात त्याच्या खाली बसतात.

सोलापुरात या मूलद्रव्याचा इतका सुळसुळाट का, याचे उत्तर आपल्या पायाखाली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरून दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट तयार झाला. या खडकाच्या वजनात कॅल्शियम ऑक्साइडचे प्रमाण साधारण दहा टक्के भरते, आणि त्यातील बराचसा वाटा प्लॅजिओक्लेज नावाच्या खनिजात असतो. पावसाचे पाणी हवेतील, आणि त्याहून जास्त मातीतील, कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेत किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी खडकाच्या भेगांतून झिरपताना खनिज हळूहळू कुजवते आणि कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपाने सोबत घेऊन जाते. बोअरला लागते ते हेच पाणी.

कोकणातही मूळ खडक बहुतांशी हाच आहे, मग तिकडच्या विहिरीचे पाणी इतके गोडे का? तिकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस कोसळतो आणि कॅल्शियम कधीच धुऊन समुद्राला नेतो. मागे लोह आणि अ‍ॅल्युमिनियम उरतात, आणि त्यांचा तांबडा जांभा होतो. आपल्याकडे पाऊस ५०० ते ७०० मिलिमीटरच्या दरम्यान. एवढे पाणी कॅल्शियम विरघळवायला पुरते, पण वाहून न्यायला पुरत नाही. उन्हाळ्यात जमिनीतील ओल वर येऊन उडून जाते आणि कॅल्शियम कार्बोनेट मातीतच गोळा होते. नांगरटीच्या वेळी काळ्या रानात पांढुरके, वेडेवाकडे खडे वर येतात, ज्यांना शेतकरी चुनखडी म्हणतात, ते असे घडतात. एकच खडक, एकच मूलद्रव्य, आणि केवळ पावसाच्या फरकाने सह्याद्रीच्या दोन बाजूंना दोन निराळ्या माती!

आता घरात येऊ. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे वापरायला बोअरचे पाणी घेण्याला पर्याय नसतो. या पाण्यात साबणाला फेस येत नाही, केस धुतले तर राठ होतात आणि बादलीच्या कडेला मळकट साय चिकटून बसते. साबण हा मेदाम्लाचा सोडियमचा क्षार असतो आणि तो पाण्यात विरघळतो. पाण्यात कॅल्शियमचे आयन असले की ते सोडियमची जागा घेतात, आणि मेदाम्लाचा कॅल्शियमचा क्षार पाण्यात विरघळत नाही. बादलीची साय ती हीच. पाण्यातील सगळे कॅल्शियम (आणि त्याच्या जोडीचे मॅग्नेशियम) असे साबण खाऊन संपेपर्यंत फेस धरत नाही. कपड्यांच्या डिटर्जंट पावडरीची रचना वेगळी असते. तिचा कॅल्शियमचा क्षार बऱ्यापैकी विद्राव्य राहतो, म्हणून तीच बादली पावडरीने मात्र फेसाळते.

पाण्याची ही दुष्फेनता मोजण्याचा प्रयोग पदवीच्या अभ्यासक्रमात असतो, आणि माझ्या मते तो सगळ्यांत देखणा प्रयोग आहे. शंकुपात्रात पाणी घेऊन त्यात एरिओक्रोम ब्लॅक टी या दर्शकाची चिमूट टाकली की पाणी दारूसारखे तांबूस होते. ब्युरेटमधून ईडीटीए नावाचे द्रावण थेंबाथेंबाने सोडत राहायचे. या ईडीटीएचा रेणू कॅल्शियमच्या आयनाला सहा बाजूंनी घट्ट धरतो आणि दर्शकाकडून हिसकावून घेतो. तांबडा रंग जांभळट होत जातो, आणि शेवटचा आयन पकडला गेला की एका थेंबात सारे पाणी स्वच्छ निळे होते. नळाच्या पाण्याला हा निळा रंग लवकर येतो. घरच्या बोअरचे पाणी घेतले तर ब्युरेट पुष्कळच खाली उतरते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एकूण दुष्फेनता, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालते.

हेच पाणी गिझरमध्ये तापवले की उलटी क्रिया सुरू होते. खडकातून येताना कार्बन डायऑक्साइडच्या मदतीने जे विरघळले होते, ते उष्णतेने कार्बन डायऑक्साइड निघून जाताच कॅल्शियम कार्बोनेट होऊन कॉइलवर बसते. हा थर उष्णतेचा दुर्वाहक असतो, त्यामुळे आतली कॉइल जास्त तापते, वीज जास्त जाते आणि एक दिवस कॉइल जळते. थरावर लिंबू किंवा व्हिनेगर टाकले तर बुडबुडे येतात. ते त्याच कार्बन डायऑक्साइडचे असतात. मात्र उकळल्याने सगळी दुष्फेनता जात नाही. कॅल्शियमचा जोडीदार सल्फेट किंवा क्लोराइड असेल तर पाणी कितीही उकळा, ते तसेच राहते. तिथे धुण्याचा सोडा किंवा सोडियम देऊन कॅल्शियम अडकवून घेणारे रेझिनचे यंत्रच लागते.

‘बोअरच्या पाण्यात डाळ शिजायला घालू नको’ हे घरोघरच्या आज्यांचे वाक्य आहे, आणि त्यामागे पक्के रसायनशास्त्र आहे. डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थाने चिकटलेल्या असतात. शिजणे म्हणजे हे पेक्टिन सैल होणे. कॅल्शियमचा आयन दुहेरी प्रभाराचा असल्याने तो पेक्टिनच्या दोन साखळ्यांना एकाच वेळी धरून ठेवतो आणि ती सैल होऊ देत नाही, म्हणून तुरीची डाळ कुकरच्या शिट्ट्या वाढवूनही गोटा राहते. चिमूटभर खायचा सोडा टाकला की डाळ मऊ पडते, कारण अल्कलीमुळे पेक्टिन तुटू लागते. याच गुणाचा कुणी मुद्दाम उपयोगही करून घेतो: कोहळ्याचा पेठा करताना फोडी चुन्याच्या पाण्यात भिजवतात, म्हणून त्या पाकात शिजूनही गाळ होत नाहीत आणि दाताखाली करकरीत लागतात. डाळीचा दोष तोच पेठ्याचा गुण.

चादरी आणि टॉवेल रंगवणाऱ्यांनाही हे पाणी छळते, कारण कॅल्शियममुळे काही रंग पाण्यातच साकळतात आणि सुतावर डाग किंवा फिकट पट्टे उमटतात. म्हणून रंगाच्या टाकीत कॅल्शियम बांधून ठेवणारे रसायन आधी घालावे लागते.

चुन्याची गोष्ट याहून जुनी आणि जास्त नाट्यमय आहे. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत भाजली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो; १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली तर ४४ किलो वायू होऊन उडून जाते आणि ५६ किलो कळीचा चुना हाती लागतो. या कळीवर पाणी ओतले की ती फुगते, तडकते, वाफा सोडते आणि स्वतःच्या उष्णतेने रटरटू लागते. ही उष्णता भट्टीत दिलेल्या उष्णतेचाच एक भाग असते, जो इतके दिवस कळीत अडकून पडला होता. विरलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. तो पाण्यात फार थोडा, लिटरला दीड-पावणेदोन ग्रॅम एवढाच विरघळतो आणि गंमत म्हणजे पाणी गरम केले तर आणखी कमी विरघळतो. तरीही त्या निवळीचा सामू (पीएच; सातच्या खाली आम्ल, वर अल्कली) १२च्या वर जातो, म्हणजे ती तीव्र अल्कली असते. भिंतीला दिलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड महिनोन्‌महिने शोषत पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे मूळची चुनखडी होतो, म्हणून जुन्या वाड्यांची चुनेगच्ची वर्षे जातील तशी टणक होत गेली. सिमेंट मात्र हवेने नव्हे, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होते. ते ‘वाळते’ असे आपण म्हणतो ते चूक आहे. गवंडी स्लॅबवर दिवसचे दिवस पाणी मारायला लावतो तो वाळू नये म्हणूनच. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात वाडी, सेडम या भागात सिमेंटचे एवढे कारखाने उभे राहिले, ते तिथल्या चुनखडीच्या जोरावर.

चुन्याची अल्कली डोळ्यांना दिसावी असे वाटत असेल तर हळद घ्यावी. पांढऱ्या कपड्यावर पडलेला आमटीचा पिवळा डाग साबण लावताच लालभडक होतो, हे प्रत्येक घराने पाहिलेले आहे. हळदीतील कुरकुमिन हा रंगद्रव्याचा रेणू अल्कलीत एक हायड्रोजन आयन गमावतो आणि त्यामुळे प्रकाशाचा वेगळा भाग शोषू लागतो. लिंबू पिळले की तो आयन परत मिळतो आणि पिवळा रंग परततो. पंढरपूरचे कुंकू प्रसिद्ध आहे, आणि हळदीवर चुन्यासारख्या अल्कलीची क्रिया करून तिला लाल करणे हीच कुंकवाची पारंपरिक रीत. आज बाजारात मिळणारे पुष्कळसे कुंकू कृत्रिम रंगाचे असते, ते लिंबाच्या रसाने पिवळे पडत नाही. घरच्या घरी करण्यासारखी एवढी सोपी परीक्षा दुसरी नसेल.

तंबाखूबरोबर चुना मळण्यामागेही अल्कलीच आहे. तंबाखूतील निकोटिन क्षाराच्या रूपात बांधलेले असते. चुना ते मोकळे करतो आणि मोकळे निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने रक्तात शिरते. तलफ लवकर भागते आणि व्यसन तितकेच लवकर जडते, वर तोच चुना तोंडाची त्वचा सोलवटून काढतो. चुन्याच्या पुड्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत हेही इथेच सांगितले पाहिजे. पुडी दाबून फुटली आणि चुना डोळ्यात गेला तर बुबुळ कायमचे पांढरे पडू शकते. त्या वेळी दुसरे काही न करता वाहत्या पाण्याने डोळा बराच वेळ धुवत राहावे आणि थेट दवाखाना गाठावा.

साखर कारखान्यात चुन्याला वेगळेच काम असते. उसाचा ताजा रस आम्लधर्मी, साधारण सव्वापाच-साडेपाच सामूचा असतो, आणि आम्लात तापवला तर साखरेचा रेणू तुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतो, म्हणजे दाणा धरण्याजोगी साखर कमी होते. म्हणून रसात दुधाळ चुना आणि गंधक जाळून केलेला सल्फर डायऑक्साइड सोडून सामू सातच्या जवळ आणतात. तयार होणारा कॅल्शियम सल्फाइट आणि फॉस्फेटचा साका खाली बसताना रंग, माती आणि गदळ बरोबर घेऊन जातो. हा साका म्हणजेच प्रेसमड, जे पुढे खत म्हणून शेतात जाते.

शेतातील चुनखडी डाळिंबवाल्यांना चांगली ठाऊक आहे. माती परीक्षणाच्या अहवालात मुक्त चुन्याचे प्रमाण वाढलेले दिसले की कपाळाला आठी पडते. पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात; उसावर हेच दिसले तर केवडा पडला म्हणतात. ही लोहाची उणीव असते, पण जमिनीत लोह नसते असे मात्र नाही. बेसाल्टच्या काळ्या मातीत लोह भरपूर असते. चुनखडीमुळे मातीचा सामू आठच्या वर राहतो आणि त्या सामूला लोह हायड्रॉक्साइडच्या रूपात न विरघळणारे होऊन बसते, मुळांना ते घेताच येत नाही. नुसते हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, जमिनीत टाकले तर तेही काही दिवसांत त्याच वाटेने जाते. शेणखतात मुरवून दिले तर सेंद्रिय आम्ले लोहाला धरून विद्राव्य ठेवतात. दुकानात मिळणारे महागडे चिलेटेड लोह हेच काम अधिक नेमकेपणाने करते, आणि तो धरून ठेवणारा रेणू प्रयोगशाळेतील ईडीटीएचा किंवा त्याच्या भाऊबंदांपैकी एखाद्याचा असतो. चुनखडीच्या जमिनीत मात्र साधा ईडीटीए लोह सोडून कॅल्शियम धरतो, त्यामुळे तिथे त्याचा भाऊबंद ईडीडीएचए असलेले खत घ्यावे. पाकिटावरील ही चार-सहा अक्षरे वाचली तर पैसे वाया जात नाहीत.

राहता राहिले शरीर. मोठ्या माणसाच्या अंगात किलो-सव्वाकिलो कॅल्शियम असते आणि त्यातील ९९ टक्के हाडांत आणि दातांत, मुख्यतः फॉस्फेटच्या जोडीने असते. उरलेले एक टक्का मात्र स्नायूंचे आकुंचन, मज्जातंतूंचे संदेश आणि रक्ताचे साकळणे यांसाठी अत्यावश्यक असते. १०० मिलिलिटर रक्तद्रवात ते साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅमच्या मर्यादेत राहावे म्हणून शरीर प्रसंगी हाडांतूनही उसनवारी करते. प्रौढ माणसाला आहारातून रोज सुमारे १००० मिलिग्रॅम मिळावे अशी आपल्याकडील शिफारस आहे.

इथे एक छोटा हिशेब करण्यासारखा आहे. ६०० मिलिग्रॅम दुष्फेनतेचे पाणी, ती सारी कॅल्शियममुळे आहे असे धरले तर, लिटरला २४० मिलिग्रॅम कॅल्शियम देते. गाईच्या २०० मिलिलिटर दुधात जवळपास एवढेच असते. कॅल्शियमच्या नेहमीच्या गोळीत १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि गिझरच्या कॉइलवरचा थरही मुख्यतः तोच पदार्थ असतो. घरी आरओ बसवून आपण एक कॅल्शियम गटारात सोडतो आणि दुसरे औषधाच्या दुकानातून विकत आणतो! अर्थात म्हणून बोअरचे पाणी बिनधास्त प्यावे असे नाही, कारण त्यात नायट्रेट, फ्लोराइड किंवा जंतू आहेत की नाहीत हे दुष्फेनतेवरून कळत नाही; त्याची तपासणी वेगळी करून घ्यावी लागते.

‘बोअरच्या पाण्याने मुतखडा होतो’ हे सोलापुरात इतक्या ठामपणे बोलले जाते की त्यावर शंका घेणाराच वेडा ठरतो. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात हे खरे. अळूची पाने कच्ची राहिली की घशाला जी खाज सुटते ती याच पदार्थाच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, आणि म्हणून अळूच्या भाजीत चिंच पडते. पण खड्याला कॅल्शियमइतकेच ऑक्झलेटही लागते, आणि जेवणातून आलेले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला पकडून शरीराबाहेर नेते. त्यामुळे खडा होतो म्हणून दूध-दही बंद करणारा माणूस ऑक्झलेटला रक्तात शिरायची वाट मोकळी करून देत असतो. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असताना दिवसभर उन्हात काम करणाऱ्याच्या अंगातील पाणी घामावाटे जाते, लघवी दाट होते आणि दाट द्रावणातून स्फटिक सहज बाहेर पडतात. माझा पहिला संशय पाण्यातील क्षारांपेक्षा कमी पाणी पिण्यावर जातो. खडा पडलाच तर तो फेकून न देता तपासायला द्यावा, कारण तो ऑक्झलेटचा निघाला तर पथ्य एक असते आणि युरिक आम्लाचा निघाला तर दुसरे.